चौथी चौकट

ड्रॉइंगच्या शीटवर उजवीकडे, खालच्या कोपऱ्यात तीन चौकटी असतात. एकीत विद्यार्थ्याचं नाव, दुसरीत आकृतीचं प्रमाण, तिसरीत तारीख. आमच्या शीटवर चौथीही असे. दोन इंच लांब, पाऊण इंच उंच. तिच्यात आधी 'विचारले' असा शब्द लिहायचा आणि त्यापुढे, ही वस्तू कागदावर काढण्यापूर्वी आपण तिच्याबद्दल ज्याला विचारलं त्या माणसाचं नाव आणि गाव. ही चौकट विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात नव्हती, कुठल्या पुस्तकात नव्हती आणि शेजारच्या वर्गातही नव्हती. ती आमच्या सरांची होती. चौकट रिकामी असली तर शीट तपासली जात नसे. ती ज्याची त्याला परत मिळे आणि देताना सर इतकंच म्हणत, "कुणालाच विचारलं नाहीस. म्हणजे तुला सगळं येतं. मग इथं कशाला आलास?"

हे सांगलीत, साठीच्या दशकाच्या मध्यावर. सर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला दोन विषय शिकवीत. एक ड्रॉइंग. दुसऱ्याला वेळापत्रकात 'परिचय' असं नाव होतं आणि त्यात काय शिकवायचं हे कुणीच लिहून ठेवलेलं नव्हतं. हा धंदा काय आहे, त्यात कसं वागावं, कसं बोलावं, कसं लिहावं, याची नव्या मुलांना ओळख करून द्यावी एवढीच अपेक्षा होती. बाकीच्या वर्गांवर या तासाला हजेरी घेऊन मुलांना सोडून देत. सरांनी तो तास वर्षभर एकदाही सोडला नाही.

पहिल्या दिवशी ते आले ते दारातच थांबले. "दार लावा," म्हणाले.

दार लागेना. पुढच्या बाकावरचा एक मुलगा उठला, त्यानं लोटलं. मग दुसरा उठला. मग चौघांनी मिळून खांदा लावला. दार जमिनीला घासत अर्ध्यावर येऊन अडकलं. एकजण म्हणाला, बिजागरी वाकली आहे. दुसरा म्हणाला, पावसानं लाकूड फुगलं आहे. सर घड्याळ हातात धरून उभे होते. सात मिनिटं झाल्यावर त्यांनी व्हरांड्यातल्या शिपायाला हाक मारली. शिपायानं पायाच्या अंगठ्यानं दार खालून बोटभर उचललं आणि लावलं.

"किती वर्षं लावताय हे दार?" सरांनी विचारलं.

"चार वर्सं झाली की."

"ह्या मुलांपैकी कुणी तुम्हाला विचारलं?"

"न्हाई बा. मी हितंच हुबा हाय."

सरांनी घड्याळ खिशात घातलं. "इंजिनिअरिंगचा पहिला धडा झाला. उद्या या," म्हणाले आणि निघाले. जाताना दार त्यांनी स्वतः अंगठ्यानं उचलून उघडलं.

सर पन्नाशीचे, उंच आणि किडकिडीत होते. पँटच्या पायांना सायकलच्या क्लिपा असत. त्या वर्गातही निघत नसत. सायकलला घंटी नव्हती. घंटी वाजवून माणसाला बाजूला करणं त्यांना पसंत नव्हतं. पुढं गुळाचा गाडा आडवा आला, हमालांचं टोळकं आलं, की ते उतरत आणि म्हणत, "जरा जाऊ का?" पेठेतून कॉलेजपर्यंत पाऊण तासाचा रस्ता त्यामुळं दीड तासाचा होई. म्हणून ते दीड तास आधी निघत. त्यांना उशीर झालेला कुणी पाहिला नाही.

त्यांची वाक्यं ठरलेली होती. "मिस्त्रीला अरे-तुरे करणाऱ्याची भिंत वाकडी येते." "ज्याचं उत्तर हो किंवा नाही आहे तो प्रश्न विचारू नका. समोरचा दमला असेल तर हो म्हणेल." "उभ्यानं विचारलं तर उभ्याउभ्या सांगतात. बसा." आणि सगळ्यांत कडक नियम: "एकदा विचारलं की त्या माणसाच्या उत्तरावर वाद नाही. पटलं नाही तर दुसऱ्याला विचारा. पण त्याला खोटं पाडायला गेलात तर तो पुन्हा तोंड उघडणार नाही."

ड्रॉइंग हॉलच्या भिंतीवर एक फोटो टांगलेला होता. रस्त्याखालची दगडी मोरी. कमान सुरेख, दगड एकसारखे. खाली काही लिहिलेलं नव्हतं. दिवाळीनंतर एकदा एका मुलानं धीर करून विचारलं, तेव्हा सरांनी सांगितलं की ही मोरी त्यांनी नोकरीच्या पहिल्या वर्षी, सातारा जिल्ह्यात एका घाटाच्या पायथ्याशी बांधली. जागा नकाशावरून ठरवली. काम पुरं झालं त्या दिवशी डोक्यावर भारा घेऊन चाललेली एक म्हातारी थांबली आणि म्हणाली, "आवं सायब, वढा तर त्या अंगानं येतोय. ह्यो दरवाजा कुनासाठी काढलासा?"

"मग?" मुलानं विचारलं.

"मोरी अजून उभी आहे. पाणी तिच्या शेजारून जातं. शेळ्या मोरीतून जातात," सर म्हणाले. "बांधकाम उत्तम आहे."

चौथ्या चौकटीत खोटी नावं लिहिण्याचा प्रयत्न अर्थात झाला. पण सर पोस्टकार्ड टाकत. प्रत्येक नावाला एक. मजकूर छापल्यासारखा ठरलेला: 'अमुक विद्यार्थ्याने आपणास अमुक वस्तूबद्दल विचारले असे तो लिहितो. त्याने नीट विचारले का, हे कृपया कळवावे.' उत्तरं येत आणि सर ती परिचयाच्या तासाला वाचून दाखवत. माधवनगरच्या एका लोहारानं कळवलं होतं, 'विचारले, परंतु भाता चालू असताना विचारले, त्यामुळे मी काय सांगितले ते मला माहीत नाही.' तासगावच्या एका सुतारानं चाकाबद्दल एक अक्षर न लिहिता कळवलं, 'मुलगा सुस्वभावी वाटला. लग्नाचा आहे का?' त्या मुलाला पुढं वर्षभर सगळे 'जावईबापू' म्हणत.

वर्षाची शेवटची शीट होती पेवाची. सांगलीचं पेव बाहेरच्यांना सांगावं लागतं. हळद साठवण्यासाठी जमिनीत खणलेला खड्डा. तोंड माणूस जेमतेम आत जाईल एवढं, पोट रांजणासारखं फुगलेलं. आत उसाचा पाला लावायचा, हळद भरायची, तोंडावर फरशी ठेवून मातीनं लिंपायचं. वर्ष-दोन वर्षं हळद तशीच राहते. हरिपूरला अशी पेवं रांगेनं होती. आम्हाला एका पेवाचा उभा छेद काढायचा होता. या शीटवर सरांची सही झाली की वर्षभराच्या कामाचा गठ्ठा ऑफिसात जमा होणार होता. सोमवारी संध्याकाळी पाचपर्यंत तो जमा झाला नाही तर टर्म नामंजूर, परीक्षेला बसायला मनाई, आणि वर्ष गेलं.

माझं वर्ष गेलं असतं तर दोघांचं गेलं असतं. आमचे वडील साताऱ्याकडच्या एका खेड्यात शाळामास्तर होते. दोघांना एका वेळी बाहेर ठेवणं त्यांना जमणार नव्हतं, म्हणून धाकट्या भावाला मॅट्रिकनंतर घरी थांबवून त्यांनी मला पाठवलं होतं. मी पुढं सरकल्याशिवाय त्याचा नंबर लागणार नव्हता.

मी हरिपूरला गेलो. हे नोंदवून ठेवतो, कारण पुढं त्याला महत्त्व आलं. पेवं खणणारे आणि त्यांत उतरणारे ज्ञानू आबा म्हणून एक गृहस्थ होते. साठीचे, आखूड बांध्याचे, बोलायला तुटक. एक पेव उघडं होतं. मी तोंडाचं माप घेतलं, पोटाचं विचारलं, खोली विचारली. "साडेतीन परस," आबा म्हणाले. परस म्हणजे एक उभा माणूस. खोली मोजायचं जुनं माप. मी टेप घेऊन आत वाकलो, म्हटलं उतरून खात्री करून घ्यावी. आबांनी मागून माझी कॉलर धरली आणि मला बाजूला ओढलं.

"खाली जायचं न्हाई. हितनं काय घ्यायचं ते घे, न्हायतर घरला जा."

मी का म्हणून विचारलं नाही. वहीत लिहिलं: 'माणूस तिरसट. माहिती नेमकी.' पंधरा मिनिटांत मी परतीच्या रस्त्याला लागलो होतो.

खोलीवर येऊन मी परसाचे फूट केले, एक परस सहा फूट धरून. फुटांचे मीटर केले, कारण तेव्हा सगळं मीटरमध्ये काढायचा नवा नियम आला होता. शीटवर लिहिलं: ६.४१ मीटर. माझ्या खोलीत इस्लामपूरकडचा एक मुलगा राहत असे. "गड्या, जरा नजर टाकतो," म्हणून त्यानं शीट घेतली. काचेखाली दिवा ठेवून त्यावरून रेषा उतरवायची पद्धत हॉस्टेलवर प्रचलित होती. दोन दिवसांनी शीट परत मिळाली तेव्हा तिला अकरा खोल्यांचा वास होता.

मंगळवारी सर वर्गात आले. गठ्ठा टेबलावर ठेवला.

"अडतीस विद्यार्थी. अडतीस शीट. सगळ्यांवर खोली सहा पूर्णांक एक्केचाळीस. साडेतीन परस म्हणजे एकवीस फूट. एकवीस फुटांचे मीटर होतात सहा पूर्णांक चाळीस. हा शेवटचा एक सेंटिमीटर कुणी मोजला?"

गुणाकारात मी चुकलो होतो.

"चूक एकाची असते," सर म्हणाले. "अडतीस जणांची वेगवेगळी असायला हवी. पण चौथ्या चौकटीत सगळ्यांनी लिहिलंय, ज्ञानू आबा, हरिपूर. मला त्यांना विचारलं पाहिजे. विचारल्याशिवाय मी काही म्हणणार नाही. शीट देणारा आणि घेणारे, यांच्यात मी फरक करत नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो."

त्या दुपारी त्यांनी पोस्टातून अडतीस कार्डं आणली आणि अडतीसही एकाच पत्त्यावर लिहिली. एका कार्डात सगळ्यांची नावं मावली असती, असं हेडक्लार्क भाऊसाहेबांनी सुचवून पाहिलं. सर म्हणाले, "विचारलं एकेकानं. मीही एकेकाबद्दलच विचारणार."

शुक्रवारी परिचयाच्या तासाला दारात खाकरल्याचा आवाज आला. ज्ञानू आबा उभे होते. काखेत सुतळीनं बांधलेला कार्डांचा गठ्ठा.

"मास्तर, तुमीच का कारडंवालं?"

"मीच. या, आबा." सरांनी आपली खुर्ची पुढं केली. आबा बसले नाहीत.

"आवं, येवढी कारडं कशापायी धाडलीसा? घरात रडारड. म्हनली, येवढी पत्रं आल्यात म्हंजे कोन गेलं का काय. पोस्टमननं तीन वाचली आन् म्हनला, आबा, समद्यात येकच लिवलंय, बाकीची तुमीच वाचा. मला कुटं येतंय वाचाया?"

वर्ग हसला. सर हसले नाहीत. गठ्ठा हातात घेऊन त्यांनी शांतपणे विचारलं, "आबा, ह्या मुलांनी लिहून दिलंय, की त्यांनी येऊन तुम्हाला पेवाबद्दल विचारलं. ह्यांतली किती आली होती?"

आबांनी पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत पाहिलं. मी तिसऱ्या बाकावर होतो. त्यांची नजर माझ्यावर आली आणि थांबली नाही. शेजारी इस्लामपूरचा हाताच्या नखांकडे पाहत होता. आबांना सबमिशन, टर्म, पाच वाजता, यांतलं काही माहीत नव्हतं. पण अडतीस पोरांच्या माना एकदम खाली गेल्याचा अर्थ कळायला ते माहीत असावं लागत नाही.

"किती म्हंजे? समदी आलती."

"सगळी?"

"व्हय."

"एकदम?"

"एकदम कशाला? येकेक, दोन-दोन. मी काय मोजत बसलोय व्हय?"

सर त्यांच्याकडे बघत राहिले. एकदा विचारलं की उत्तरावर वाद नाही. नियम त्यांचाच होता.

"मान्य," ते शेवटी म्हणाले. इस्लामपूरच्यानं सुटकेचा श्वास इतक्या जोरात सोडला, की पुढच्या बाकावरचा कागद हलला. "आता कार्डात लिहिलेला दुसरा प्रश्न. त्यांनी नीट विचारलं का?"

आबांनी टेबलावरची वरची शीट उचलली, उलटी धरली, मग सुलटी केली. "त्वांड बराबर हाय. प्वाट बराबर हाय. मापं बेस इचारली." शीट खाली ठेवून म्हणाले, "पर मानूस आत कसा उतरतो ते कुनीबी इचारलं न्हाई."

"दोरानं उतरतो," सर म्हणाले.

"आन् दोराच्या आदी?"

सरांनी खिशातून पेन्सिल काढली.

"कंदील, मास्तर. पेव उगडलं की आदी कंदील सोडायचा. कोंडलेली हवा वाईट. कंदील जिता ऱ्हायला तर मानूस उतरायचा. कंदील इजला तर मानूसबी इजतो. माज्या चुलत्याला तसाच वर काडला. ह्या कागदात कंदील कुटं हाय?"

सरांनी कपाट उघडलं आणि आपली स्वतःची शीट काढली. आमच्या शिटा ज्या शीटशी ताडून ते तपासत, ती. चार वर्षांपूर्वी काढलेली, रेषा केसासारख्या, अक्षर छापल्यासारखं. तिच्यातही कंदील नव्हता. चौथ्या चौकटीत 'विचारले'च्या पुढं सांगलीच्या एका हळद-व्यापाऱ्याचं नाव होतं, ते सरांनी मोठ्यानं वाचलं.

"व्यापारी कवा पेवात उतरलाय?" आबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता.

सरांनी शीट टेबलावर ठेवली. मग वर्गाकडं वळून म्हणाले, "हे मी विचारलं नव्हतं. चार वर्षं मी ह्या शीटवरून दुसऱ्यांच्या तपासल्या. ज्याची स्वतःची शीट चुकीची आहे त्याला दुसऱ्याच्या शीटवर सही करता येत नाही. मी पुन्हा काढतो. ती पुरी झाली की तुमच्यावर सह्या होतील."

वर्गाला पहिल्यांदा त्यात शिक्षा सुटल्यासारखं वाटलं. मग इस्लामपूरच्यानं हिशेब केला. सरांना एक शीट काढायला चार दिवस लागत. पेन्सिलीला टोक करण्यातच सकाळ जाई. सोमवारचे पाच तीन दिवसांवर होते.

"मेलो की रं," तो कुजबुजला. "आता आपन पास हुयाचं ऱ्हाऊं दे. मास्तरलाच पास करायला पायजे."

आबांनीच तोड काढली. रविवारी सकाळी एका व्यापाऱ्याचं, तळाशीच थोडी हळद उरलेलं पेव उघडायचं होतं. "या बघाया," ते सरांना म्हणाले, आणि दारातून वळून, "पोरास्नीबी आना. पुन्यांदा."

रविवारी चिंचांच्या रस्त्यानं अडतीस मुलं हरिपूरला गेली. सायकली एकोणीस होत्या, प्रत्येकीवर दोघं. सर सगळ्यांत शेवटी पोचले, कारण वाटेत तीन बैलगाड्या आणि एक वऱ्हाड लागलं.

लिंपण फोडून फरशी बाजूला केली होती. आंबूस, उष्ण वास येत होता. सर पेवाच्या कडेला मातीत मांडी घालून बसले, वही उघडली. "आबा, विचारू का?"

"इचारा की."

आबांनी कंदील पेटवला आणि दोर सोडायला सुरुवात केली. पिवळा उजेड पाल्याच्या भिंतीवरून खाली सरकत गेला. एक परस गेला, दीड गेला. मग ज्योत आखडली. दोन हात आणखी खाली गेली आणि विझली. वारा नव्हता, आवाज झाला नाही. खाली काळं तोंड राहिलं.

माझा हात माझ्या कॉलरकडं गेला होता, हे माझ्या लक्षात नंतर आलं. आबांच्या लगेच आलं.

"ह्या पोरानं आत वाकून बघितलंतं. कालर धरून मागं वढला म्या," ते म्हणाले, आणि शुक्रवारचं आपलं बोलणं आठवून घाईनं पुढं म्हणाले, "म्हंजे, समद्यांचीच धरली. आलं की येकेकाची कालर धरत व्हतो."

"अडतीस कॉलरी?" सरांनी वहीतून मान वर न करता विचारलं.

"व्हय. हात भरून आला की."

आबांनी लिंबाचा मोठा डहाळा दोराला बांधून बराच वेळ वर-खाली केला, आतली हवा हलवली. मग पेव तसंच उघडं ठेवलं. सर प्रश्न विचारत राहिले. किती वेळ थांबायचं, कुठल्या ऋतूत जास्त, ज्योत कुठल्या रंगाची झाली की परतायचं, वर दोर धरायला किती माणसं, खालच्यानं हाक दिली नाही तर काय. मग मुलं विचारू लागली. माझ्याआधी नऊ जणांनी विचारलं. दुपारी तिसऱ्या खेपेला कंदील तळाला टेकला आणि जळत राहिला. तेव्हा आबा उतरले.

वर आल्यावर अंगावरचा पिवळा भुरका झटकत ते म्हणाले, "मास्तर, आता तर समदी आली न्हवं? मंग म्या लबाड न्हाई बोललो. जरा आदी बोललो, येवढंच."

"हं," सर म्हणाले, आणि तेही वहीत लिहून घेतलं.

हॉलवर परतून सरांनी त्याच संध्याकाळी बोर्डावर कागद लावला. आम्ही आमच्या शिटांवर कंदील काढले, ६.४१ खोडून 'सुमारे साडेतीन परस' लिहिलं आणि त्यांच्याभोवती उभे राहिलो. त्यांच्या रेषेला हात लावायची परवानगी नव्हती. पेन्सिलींना टोकं मात्र आम्ही करून देत होतो. सोमवारी दहा वाजता छेद पुरा झाला. बारा वाजता दोर झाला. दीड वाजता कंदिलाची काच सरांना पसंत पडली नाही, त्यांनी ती पुसली. इस्लामपूरच्यानं भिंतीला कपाळ टेकलं. चार वाजता भाऊसाहेब किल्ल्यांचा जुडगा वाजवत हॉलमध्ये आले. "सर, पाचाला मी कुलूप लावतो. मुलं तुमची आहेत, कुलूप माझं आहे."

"बरोबर आहे," सर म्हणाले आणि पट्टी पुसायला घेतली.

साडेचारला तीन चौकटी भरल्या. चौथीत त्यांनी लिहिलं: 'विचारले: ज्ञानू आबा, हरिपूर.' पूर्णविराम दिला. सगळ्यांनी आपापली शीट पुढं केली. सरांनी पेन्सिलीकडं पाहिलं, ती बोथटली होती. त्यांनी तिला पुन्हा टोक केलं, सावकाश, वर्गाच्या डोळ्यांदेखत, आणि पूर्णविरामाच्या पुढं एक शब्द आणखी लिहिला: 'उशिरा.'

मग सह्या. माझी शीट शेवटी आली. त्यांनी ती इतरांपेक्षा जास्त वेळ पाहिली.

"किती वेळ बसला होतास आबांकडं?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"पंधरा मिनिटं," मी म्हणालो.

"पुढच्या वेळी अर्धा तास बस." सही केली. पाचाला चार मिनिटं होती. गठ्ठा घेऊन मी धावलो. भाऊसाहेब कुलूप हातात घेऊन माझी वाट पाहत होते आणि वाट पाहत नाही असं दाखवत होते.

इंजिनिअरिंग मी पुरं केलं, पण त्यात फार काळ राहिलो नाही. वर्तमानपत्रात गेलो. तिथं ज्यानं सांगितलं त्याचं नाव पुष्कळदा छापत नाहीत, पण उपसंपादकानं विचारलं तर सांगावं लागतं. मला त्याची सवय होती.

माझ्यानंतर धाकट्या भावाचा नंबर लागला, आणि तो त्याच कॉलेजात, त्याच हॉलमध्ये गेला. दार अजून तसंच लागत होतं, असं त्यानं कळवलं. मोरीच्या फोटोशेजारी काचेच्या चौकटीत पेवाची शीट लावलेली होती. पेवाच्या शीटआधी सर आता सगळा वर्ग रविवारी हरिपूरला नेत. भावानं पत्रात लिहिलं, की ज्ञानू आबा म्हणून तिथं एक विचित्र म्हातारा आहे. कंदील सोडण्याआधी तो मुलांना रांगेत उभं करतो, रांगेतून चालत जातो आणि काही न बोलता एकेकाची कॉलर धरून सोडतो. असं का, हे वर्गात कुणालाच माहीत नाही.

शेवटी त्यानं लिहिलं होतं, 'मी त्यांना विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. तुला माहीत आहे का?'